दोन सेलांची गाडी : स्पर्धेतून यंत्ररचनेचे शिक्षण

टॉर्चमध्ये घालतात तसले दोन मोठे सेल घ्यायचे आणि त्यांच्यावर एक गाडी चालवायची. गाडी खेळण्यातली नव्हे. तिच्यावर एक माणूस बसला पाहिजे आणि त्याला घेऊन ती पळाली पाहिजे!

हे कोडे तोक्यो तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले. मोरी हे यंत्रमानवशास्त्रातले मोठे नाव. विद्यार्थ्यांना गणिते येतात, सूत्रे पाठ असतात, पण हाताने काही घडवायचे म्हटले की ते गोंधळतात, ही अडचण आपल्यालाही परिचयाची आहे. मोरींनी त्यावर व्याख्यान दिले नाही, तर एक शर्यत लावली. पुढे १९८८ मध्ये जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने तेथील तंत्रमहाविद्यालयांसाठी 'रोबोकॉन' ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षीचा विषयही हाच होता : दोन सेलांवर माणूस वाहून नेणाऱ्या गाड्यांची शर्यत. या महाविद्यालयांत मुले साधारण पंधराव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या वयात, प्रवेश घेतात.

ही मुले या शर्यतीतून नेमके काय शिकली असतील? ते समजण्यासाठी आपणच हे कोडे थोडे सोडवून पाहू. नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकापलीकडचे त्यात फारसे काही नाही.

ऊर्जा भरपूर, शक्ती तोकडी

प्रथम वाटते, दोन सेलांत एवढी ऊर्जा कोठून असणार? हिशेब करून पाहू. साध्या मोठ्या सेलचे विभवांतर १.५ व्होल्ट. तो सुमारे ५ अँपिअर-तास विद्युत्प्रभार देतो असे धरू. १.५ गुणिले ५, म्हणजे ७.५ वॅट-तास. एका वॅट-तासात ३६०० जूल, म्हणून एका सेलात २७,००० जूल आणि दोहोंत ५४,००० जूल ऊर्जा झाली.

आता खर्च पाहू. माणूस ५५ किलोग्रॅमचा आणि गाडी १५ किलोग्रॅमची, एकूण ७० किलोग्रॅम धरू. त्यांचे वजन सुमारे ६९० न्यूटन. सायकलची चाके गुळगुळीत जमिनीवर फिरताना होणारा विरोध वजनाच्या साधारण दोनशेव्या भागाइतका असतो. म्हणजे गाडी चालती ठेवायला सुमारे ३.५ न्यूटन बल पुरे. वीस मीटर अंतराला कार्य झाले ७० जूल! गाडीला वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जाही यापुढे किरकोळच. जमा ५४,००० आणि खर्च शंभराच्या आत. मग अडचण कोठे आहे?

अडचण आहे ती ऊर्जा किती वेगाने बाहेर काढता येते यात. रांजण काठोकाठ भरलेला आहे, पण तोटी बारीक आहे. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तो ०.३ ओहम धरला, तर एकसर जोडलेल्या दोन सेलांचा ०.६ ओहम होतो. जास्त विद्युतधारा ओढू लागलो की सेलचे विभवांतर आतल्या आतच खर्ची पडते. कमी धारा घेतली तर कामही कमी होते. या दोहोंच्या मध्ये एक बिंदू असा येतो की, तेथे बाहेर मिळणारी शक्ती सर्वाधिक असते. बाहेरचा रोध आणि आतला रोध सारखे असले की हा बिंदू गाठला जातो. आपल्या उदाहरणात तेव्हा धारा २.५ अँपिअर, विभवांतर १.५ व्होल्ट आणि शक्ती ३.७५ वॅट होईल. मोटर आणि दंतचक्रे यांत निम्मी शक्ती वाया जाते असे मानले, तर चाकापाशी जेमतेम २ वॅट पोचतात.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. २ वॅटला ३.५ न्यूटनने भागले की वेग येतो सेकंदाला सुमारे ०.५७ मीटर. सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. पण माणूस हलला, हे महत्त्वाचे!

येथून खरी रचना सुरू होते. वेग वाढवायचा तर काय करावे? सेलची शक्ती वाढवता येत नाही; मग विरोध कमी केला पाहिजे. चाकात हवा गच्च भरली, धारवे तेल घालून हलके केले आणि चाके एका रेषेत नीट बसवली की विरोध २ न्यूटनवर येऊ शकतो. वेग लगेच सेकंदाला १ मीटरच्या घरात जातो. उलट सामानाच्या ढकलगाडीची छोटी कडक चाके लावली तर विरोध १४ न्यूटनपर्यंत चढतो आणि गाडी सेकंदाला १४ सेंटीमीटर सरकते, किंवा सरकतच नाही.

मग मोठी चाके लावलेली बरी? होय, पण त्याचीही किंमत द्यावी लागते. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि चाक सायकलचे, म्हणजे सुमारे दोन मीटर परिघाचे असेल, तर ०.५७ मीटर वेगासाठी चाकाने मिनिटाला फक्त १७ फेरे घ्यायला हवेत. म्हणजे फेरे सुमारे १८० पटींनी कमी केले पाहिजेत. त्यासाठी दंतचक्रांच्या तीन-चार जोड्या लागतील, आणि प्रत्येक जोडी थोडी थोडी शक्ती खाईल. वीस सेंटीमीटर व्यासाचे चाक घेतले तर ५५ पटींनी काम भागते, पण जमिनीचा विरोध वाढतो. एक बाजू सावरावी तर दुसरी सुटते. या ओढाताणीत मधला मार्ग शोधणे आणि तो का निवडला हे सांगता येणे, यालाच रचनाकौशल्य म्हणतात.

ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक, अंतर्गत रोध, घर्षण, दंतचक्रांचे गुणोत्तर या चार गोष्टी पाठ्यपुस्तकाच्या चार वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. गाडी मात्र त्यांना एकत्र आणते, कारण गाडीला प्रकरणे ठाऊक नसतात.

बोस्टनची पिशवी

मोरींच्या थोडे आधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स हेही अशाच वाटेने चालले होते. यंत्ररचनेच्या त्यांच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ वस्तूंची एक पिशवी मिळे. सर्वांची पिशवी सारखी, काम सारखे, आणि सत्राच्या शेवटी सर्वांसमक्ष सामना. तो पाहायला सभागृह भरून जाई. पिशवी सारखी असूनही यंत्रे मात्र निरनिराळी होत. एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते, या शाळेत रुजलेल्या समजुतीला तेथे पहिला तडा जाई.

संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स यांच्या मदतीने हाच प्रयोग माध्यमिक शाळांपर्यंत नेला. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. तिकडे १९९० पासून या दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक संयुक्त स्पर्धाही सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, जपानी विरुद्ध अमेरिकी असे संघ न करता दोन्हीकडचे विद्यार्थी मिसळून संघ केले जात. भाषा येत नसेल तर चित्र काढून कल्पना सांगायची! आराखड्याचे चित्र शिक्षकाला दाखवण्यासाठी नसून सोबत्याला समजण्यासाठी असते, हे याहून चांगले कसे शिकवणार?

दहीहंडी ते पाळणा

आशियातील महाविद्यालयांसाठीची रोबोकॉन २००२ मध्ये तोक्योत सुरू झाली. दर वर्षी यजमान देश बदलतो, आणि खेळही त्या देशाच्या संस्कृतीतून घेतला जातो. २००८ आणि २०१४ या दोन वर्षी ही स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. २००८ च्या खेळाची कल्पना गोविंदाची, म्हणजे दहीहंडीची होती. उंचावरचे लोणी यंत्रांनी मिळवायचे! २०१४ चा विषय होता मातापित्यांना वंदन. एक 'पालक' यंत्र आणि एक 'बालक' यंत्र. पालकाने बालकाला सीसॉवर न्यायचे, खांबांवरून चालवायचे, झोपाळ्यावर बसवून झोका द्यायचा आणि शेवटी बालकाने शिड्यांच्या मनोऱ्यावर चढायचे.

वरवर पाहता ही गंमत वाटते. पण झोका द्यायचा म्हणजे दोलनाचा काळ ओळखून नेमक्या क्षणी ढकलायचे. क्षण चुकला तर झोका वाढण्याऐवजी मरतो. बागेत मुलाला झोका देणारी आई हे न मोजता करते. यंत्राला ते मोजून करावे लागते.

यंत्र 'पाहते' कसे?

आतापर्यंत आपण चाके आणि दंतचक्रे यांविषयी बोललो. यंत्रमानव म्हणजे त्याहून थोडे अधिक. त्याला परिसराची जाणीव व्हावी लागते, त्यावरून निर्णय घ्यावा लागतो आणि मग कृती करावी लागते. संवेदक, नियंत्रक आणि मोटर ही त्याची तीन अंगे.

शाळेच्या स्पर्धांत सर्वांत लोकप्रिय असणारे उदाहरण घेऊ : पांढऱ्या कागदावरील काळ्या रेषेवरून चालणारी गाडी. गाडीच्या पोटाशी, रेषेच्या डाव्या व उजव्या बाजूंना, एकेक अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि संवेदक असतो. पांढरा पृष्ठभाग हा प्रकाश परावर्तित करतो, काळा शोषून घेतो. डाव्या संवेदकाला काळे दिसले, याचा अर्थ गाडी उजवीकडे भरकटली. तेव्हा डावी मोटर हळू करायची, म्हणजे गाडी डावीकडे वळते. उजव्या बाजूचे याच्या उलट. नियम दोन ओळींचा आहे.

पण गाडी जमिनीवर ठेवली की ती सरळ न जाता नागमोडी धावू लागते. का? चूक दिसणे आणि सुधारणा होणे यांत थोडा वेळ जातो. तेवढ्यात गाडी पलीकडे गेलेली असते. सुधारणा फार जोराची असली की हेलकावे वाढतात. फार सौम्य असली की वळणावर रेषा सुटते. नवशिका सायकलस्वार हँडल जोराने फिरवतो आणि झोकांड्या खातो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय खिडकीतून ऊन आले की सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांमुळे संवेदकाला सगळेच पांढरे दिसू लागते. वर्गात उत्तम चालणारी गाडी स्पर्धेच्या मांडवात बावचळते ती बहुधा यामुळे. हे कळले की मुले पुठ्ठ्याची झालर लावून संवेदकावर सावली धरतात. प्रयोगाची परिस्थिती बदलली की निष्कर्ष बदलू शकतो, हा विज्ञानातला मोठा धडा या पुठ्ठ्याच्या झालरीत दडलेला आहे.

स्पर्धा कोणाची? मुलांची की खर्चाची?

येथवर सारे गोड आहे. पण शिक्षकांनी या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिला धोका तयार संचाचा. बाजारात यंत्रमानवाचे संच मिळतात. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे स्क्रू पिळले की गाडी चालते. त्यातून हाताला वळण लागते हे खरे, पण कोणताही निर्णय मुलाने घेतलेला नसतो. हेच चाक का, हीच मोटर का, असे विचारले की उत्तर येते : 'संचात तेच होते.' अशी गाडी बक्षीस मिळवील, पण रचना शिकवणार नाही.

दुसरा धोका मोठ्यांच्या हातांचा. स्पर्धेची तारीख जवळ आली की पालक, शिकवणीचे गुरुजी, कधी कधी आपणही, मुलांच्या हातून पकड काढून घेतो. काम सुबक होते आणि मूल प्रेक्षक बनते.

तिसरा धोका हरणाऱ्यांचा. वीस संघ आले तर जिंकणारा एकच. बाकी एकोणीस संघांनी काय घेऊन घरी जायचे? ज्या स्पर्धेत त्यांच्या हाती काही पडत नाही, ती शिक्षणाची स्पर्धा नव्हे. फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न ओळखला होता. प्रतिस्पर्ध्याशी जिद्दीने खेळा, पण त्याचा स्क्रू हरवला तर आपला द्या, असा त्यांचा आग्रह असे. 'फर्स्ट'च्या स्पर्धेत १९९९ पासून संघांच्या युती होऊ लागल्या. आता विरुद्ध असलेला संघ पुढच्या फेरीत आपला सोबती असू शकतो. मग त्याचे यंत्र नीट चालावे असे आपल्यालाही वाटू लागते. नियम बदलला की वागणूक बदलते. केवळ उपदेशाने ती बदलत नाही.

चौथा धोका पैशाचा. नीती आयोगाने २०१६ पासून सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा प्रयोगशाळा १०,००० शाळांत उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० जाहीर झाल्या. ही चांगली गोष्ट आहे. पण आपली पाळी येईपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो 'हाताने काम करता करता शिकणे' या एकाच भांडवलावर. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा हाच तेथला अभ्यासक्रम. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही उच्च प्राथमिक वर्गांसाठी रचना व तंत्रज्ञानाचे काही प्रकल्प तयार केले आणि ते शहरी शाळांबरोबरच आदिवासी भागातील मराठी शाळेतही करून पाहिले. त्यांत वजन उचलणाऱ्या पवनचक्कीचे प्रतिरूप हा एक प्रकल्प होता. मुलांनी आधी गटात चर्चा करायची, चित्र काढायचे, लागणाऱ्या सामानाची यादी आणि कामाचा क्रम लिहायचा, मगच वस्तूला हात लावायचा.

आपल्या वर्गात करून पाहा

पवनचक्कीचा हा विषय घेऊन आठवीच्या वर्गात छोटी स्पर्धा सहज भरवता येईल.

काम : टेबलपंख्याच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्कीने दोऱ्याला बांधलेली वाळूची पुडी ५० सेंटीमीटर उचलायची. सामान सर्व गटांना सारखेच : पुठ्ठा, सायकलच्या चाकाचा एक आरा, बॉलपेनच्या दोन रिकाम्या नळ्या, दोऱ्याचे रिकामे रीळ, बांबूच्या काड्या, दोरा आणि डिंक. आऱ्याचा आस आणि नळ्यांचे धारवे होतात. पंखा एकच, अंतर एकच, वेग एकच. पंख्याची जाळी काढू देऊ नये आणि पुठ्ठा कापताना लक्ष ठेवावे.

गुण कशाला? केवळ वजनाला गुण दिले तर मुले चक्की रांगत चालवतील. त्याऐवजी शक्ती मोजावी. १०० ग्रॅमची पुडी ५० सेंटीमीटर उचलण्याचे कार्य सुमारे अर्धा जूल. त्याला १० सेकंद लागले तर शक्ती ०.०५ वॅट. आता गट विचार करू लागतील : पाती किती? ती किती अंशांत वळवायची? दोरा जाड रिळावर गुंडाळला तर पुडी भराभर वर येते, पण जड पुडीने चक्की थांबते. थेट बारीक आऱ्यावर गुंडाळला तर जड पुडीही उचलली जाते, मात्र वेळ लागतो. दोन सेलांच्या गाडीतील दंतचक्रांचा प्रश्न तो हाच!

एकूण सहा तासिका पुरतात. पहिलीत चर्चा आणि चित्रे, दुसरीत व तिसरीत बांधणी, चौथीत पहिली चाचणी. पाचवी तासिका दुरुस्तीची. ती कधीही वगळू नये, कारण शिकणे बहुतांशी तिच्यातच घडते. सहावीत सामना. दर चाचणीला एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची : काय बदलले, काय घडेल असे वाटले, काय घडले. पातीही बदलली आणि रीळही बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

शंभरपैकी वीस गुण आराखड्याला, चाळीस चाचण्यांच्या वहीला, वीस 'असे का केले' या तोंडी प्रश्नांना आणि उरलेले वीस सामन्यातील निकालाला द्यावेत. म्हणजे ज्यांची चक्की ऐन वेळी अडली, पण ती का अडली हे ज्यांना नेमके सांगता आले, तो गटही पहिला येऊ शकेल. गटात हत्यारे मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती अशी वाटणी आपोआप होते; म्हणून दर तासिकेला कामे फिरवावीत. शिक्षकांसाठी नियम एकच : हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त प्रश्न विचारायचे.

पुढच्या वर्षी याच वर्गाला जुन्या खेळण्यातली मोटर आणि दोन सेल देता येतील. त्यानंतर संवेदक आणि नियंत्रक. क्रम हाच ठेवावा. ज्या मुलाने स्वतःच्या चक्कीचे पाते तीनदा वळवून पाहिले आहे, त्याच्या हाती महागडा संच आला तरी तो पुस्तिकेचे शेवटचे पान मिटल्यावर विचारील, 'आणि हे चाक बदलले तर?'